नुसतेच खेळायचे, तर बालवाडीत कशाला?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या दिवशी मी दोन शब्द बोलावे असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी त्यांना म्हटले, "अहो, मी सातवी शिकलेली बाई. मला पापडाचे प्रमाण विचारा, हळदीकुंकवाचा हिशोब विचारा. भाषण कसले करू?" त्या म्हणाल्या, "बालवाडीची देखरेख तुमच्याकडे आहे ना? मग बालवाडीविषयीच बोला." विषय बालवाडीचा निघाल्यावर मात्र मला नाही म्हणवेना. कारण येत्या जूनच्या आत आपल्याला एक निर्णय घ्यावयाचा आहे, आणि तो घेण्यापूर्वी सर्वांच्या कानांवर दोन गोष्टी घालाव्यात असे बरेच दिवस मनात होते.

प्रकरण आपणांस ठाऊक आहे. आपल्या बालवाडीतील काही आयांनी कार्यकारिणीकडे अर्ज दिला आहे. मुलांना वही-पेन्सिल द्यावी, रोज घरचा अभ्यास द्यावा, महिन्याला परीक्षा घ्यावी व नंबर काढावेत, अशी त्यांची मागणी आहे. तसे न झाल्यास मुले दुसरीकडे घालू, असेही अर्जात आहे. गेल्या वर्षी पटावर २८ मुले होती, यंदा १९ आहेत. मुले कमी झाली की फी कमी होते, आणि फी कमी झाली की ताईंचा पगार कसा भागवावयाचा हा प्रश्न येतो. तेव्हा हा अर्ज बाजूला ठेवून चालणार नाही.

अर्ज देणाऱ्या आयांना मी नावे ठेवीत नाही. त्यांपैकी एकीने मला पाण्याच्या नळावरच गाठले. ती म्हणाली, "काकू, दोन वर्षं झाली, माझं पोरगं तुमच्या बालवाडीत जातंय. काय शिकलं? शेजारचं तीन वर्षांचं पोर शंभरपर्यंत आकडे म्हणतंय. नुसतंच खेळायचं, तर बालवाडीत कशाला? घरी अंगण काय कमी आहे?"

भगिनींनो, प्रश्न अगदी रास्त आहे. पोटाला चिमटा घेऊन फी भरणाऱ्या आईने तो विचारलाच पाहिजे. नळावर, घागर भरेपर्यंत, त्याचे उत्तर देणे मला जमण्यासारखे नव्हते. म्हणून ते आज येथे देते.

आपल्या गावात करवीर नगर वाचन मंदिर आहे. १८५० सालापासूनचे जुने ग्रंथालय ते. तेथून पुस्तके आणून मी दुपारच्या वेळी थोडे थोडे वाचीत असते. त्यातून मला कळले की लहान मुलांना खेळातून शिकविण्याची ही रीत आपल्या ताईंनी मनाने काढलेली नाही. तिच्यामागे शंभराहून अधिक वर्षांची मेहनत आहे, आणि त्या मेहनतीत आपल्या मराठी बायकांचा वाटा फार मोठा आहे.

इटली देशात मारिया मॉन्टेसरी नावाच्या एक डॉक्टरीणबाई होऊन गेल्या. १९०७ साली रोम शहरातल्या एका गरीब वस्तीत त्यांनी लहान मुलांचे पहिले घर उघडले. ते कशासाठी निघाले, हे ऐकले तर तुम्हांला हसू येईल. तेथील आईबाप दिवसभर कामाला जात. मागे राहिलेली पोरे जिन्यांतून धुडगूस घालीत आणि इमारतीच्या भिंती खराब करीत. म्हणून इमारतीच्या मालकांनी ठरविले की या पोरांना एका खोलीत सांभाळणारे कोणीतरी असावे. म्हणजे मालकांना काळजी होती ती भिंतींची! मॉन्टेसरीबाईंनी मात्र त्या खोलीत मुलांकडे पाहिले. त्यांच्या उंचीची टेबले-खुर्च्या केल्या, त्यांच्या हातात मावतील अशा वस्तू दिल्या, आणि ती काय करतात हे शांतपणे पाहत बसल्या. त्यांना असे दिसले की मुलाला मनाजोगे काम सापडले की ते तासन् तास त्यात गढून जाते, तेच तेच पुन्हा करते, आणि मग भांडण नाही की रडणे नाही. याच मॉन्टेसरीबाई १९३९ साली हिंदुस्थानात मद्रासला आल्या आणि महायुद्धामुळे पुढे कित्येक वर्षे येथेच राहिल्या.

त्यांचे विचार आपल्याकडे त्या येण्याच्या पुष्कळ आधी येऊन पोहोचले होते. गिजुभाई बधेका नावाचे एक वकील होते. स्वतःला मुलगा झाला, तेव्हा त्याला शिकवायचे कसे याचा शोध घेता घेता मॉन्टेसरीबाईंचे पुस्तक त्यांच्या हाती आले, आणि या गृहस्थांनी वकिली सोडून दिली! १९२० साली त्यांनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर काढले. मुलांवर त्यांची इतकी माया, की लोक त्यांना 'मिशाळ आई' म्हणत.

गिजुभाईंच्या कामाला येऊन मिळाल्या त्या आपल्या ताराबाई मोडक. मुंबईत १८९२ साली जन्मलेल्या, त्या काळी बी. ए. झालेल्या, राजकोटला अध्यापिका विद्यालयाच्या प्रमुख असलेल्या ताराबाई चांगल्या मानाची जागा सोडून लहान मुलांत येऊन बसल्या. त्या काळी लोकांना ते वेड वाटले असेल. एवढे शिकायचे, आणि शेवटी पोरांची नाके पुसायची! १९२६ साली ताराबाई व गिजुभाई यांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापला. १९३६ साली ताराबाईंनी मुंबईला दादरमध्ये शिशुविहार काढला.

पण त्यांच्या मनात एक गोष्ट सलत होती. शहरातल्या सुखवस्तू घरच्या मुलांना हे सारे मिळते. खेड्यातल्या, आदिवासी पाड्यावरच्या मुलांचे काय? म्हणून १९४५ साली, वयाची पन्नाशी उलटल्यावर, त्या बोर्डीला गेल्या. त्या वेळी हे गाव ठाणे जिल्ह्यात होते. आता ते पालघर जिल्ह्यात आहे. तेथे त्यांच्या हाताखाली आल्या अनुताई वाघ. अनुताईंचे लग्न लहानपणीच झाले आणि थोड्याच महिन्यांत कपाळ पांढरे झाले. पुढे त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या, नोकरी करता करता मॅट्रिक झाल्या. बोर्डीला आल्या त्या जन्मभर याच कामात राहिल्या. १९९२ साली त्या वारल्या, तोपर्यंत कोसबादची टेकडी हेच त्यांचे घर झाले होते.

आता खरी सांगण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. बोर्डीला बालवाडी काढली, पण वस्तीवरची गरीब मुले तिच्याकडे फिरकेनात. कोणाला धाकटे भावंड सांभाळायचे, कोणाला अंगात घालायला धड कपडा नाही. दुसरे कोणी असते तर म्हणाले असते, "या लोकांना शिक्षणाची आवडच नाही." ताराबाई आणि अनुताई म्हणाल्या, "मूल शाळेकडे येत नाही ना? मग शाळा मुलाकडे नेऊ." आणि त्या वस्तीतल्या अंगणातच जाऊन बसल्या. मुलांना आंघोळ घातली, केस विंचरले, गाणी म्हटली, गोष्टी सांगितल्या. अंगणात भरली म्हणून ती अंगणवाडी. पुढे २ ऑक्टोबर १९७५ पासून सरकारने लहान बालकांसाठी देशभर मोठी योजना सुरू केली, तिच्यातील केंद्रांना हेच नाव मिळाले. आज गल्लोगल्ली अंगणवाडी दिसते, पण तो शब्द आपल्या दोन मराठी बायांनी परक्याच्या अंगणात बसून मिळविला आहे हे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक असेल?

गुरे राखणारी मुले अंगणातही सापडेनात, तेव्हा शिक्षक गुरांमागे कुरणात गेले. त्याला कुरणशाळा म्हणत. आणि मॉन्टेसरीबाईंची महागडी साधने कोठून आणायची? म्हणून बिया, शंख-शिंपले, खडे, पाने, काड्या, जे हाताशी आहे तेच साधन झाले. मोजायला चिंचोका चालतो, भगिनींनो. चिंचोक्याने मोजलेले पाच आणि विलायती मण्यांनी मोजलेले पाच सारखेच असतात.

हे सारे सांगितले ते एवढ्यासाठी की, खेळातून शिकविणे म्हणजे पोरांना मोकळे सोडून ताईंनी गप्पा मारीत बसणे, असा कोणाचा समज असेल तर तो दूर व्हावा. अंगणातला खेळ आणि बालवाडीतला खेळ यांत फरक आहे. बालवाडीत पाहणारे माणूस असते. मूल काय करते, कुठे अडते, कशात रमते, हे पाहून ते माणूस उद्या मुलापुढे काय ठेवायचे हे ठरविते. वाटेत थांबायचे कोठे हे मूल ठरविते आणि वाट ताई आखतात, असे म्हणा ना.

आपल्याच बालवाडीतले एक उदाहरण सांगते. मुलाचे नाव घेत नाही. हे पोर जूनमध्ये आले ते चार महिने तोंडातून शब्द काढीना. गाण्यात नाही, गोष्टीत नाही. आले की सरळ मोरीजवळच्या बादलीशी जायचे आणि डब्यातले पाणी दुसऱ्या डब्यात ओतीत बसायचे. मलाही वाटले, याचे कसे व्हायचे! ताईंनी त्याला उठविले नाही, रागेही भरल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी तेथे तांब्या, फुलपात्र, वाटी आणि एक नरसाळे आणून ठेवले. आठवड्याने दोन सारख्या उंचीचे डबे ठेवले, एक रुंद आणि एक अरुंद. पोर ओतीत राहिले. दिवाळीच्या सुटीनंतर एके दिवशी त्याने ताईंचा पदर ओढला आणि म्हणाले, "ताई, ह्या तांब्यात तीन फुलपात्री मावत्यात. चौथं सांडतंय." बालवाडीत बोललेले ते त्याचे पहिले वाक्य!

आता मला सांगा, ते पोर त्या चार महिन्यांत काय शिकले? मोजणे शिकले, मापणे शिकले, उंच दिसले म्हणून जास्त मावतेच असे नाही हे शिकले. पाणी न सांडता ओतायला लागते ती हाताची नजर शिकले. आणि सांगण्यासारखे काही सापडले म्हणून बोलायला शिकले. याच्या बदली आपण त्याला एक ते शंभर घोकायला बसविले असते तर त्याने घोकलेही असते. पण 'चौथं सांडतंय' हे त्याला कळले असते की नाही, याची मला शंका आहे. आकडे तोंडाने म्हणणे आणि मोजता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पोपटही बोलतो, पण पेरूच्या फोडी वाटून द्यायला त्याला सांगून पाहा.

आता दुसरी बाजू. माझी नात परगावी असते. साडेतीन वर्षांची असताना तिला एका शाळेत घातले. शाळेचे नाव मी सांगत नाही, आणि अशी ती एकटीच शाळा आहे असेही नाही. तेथे तिला रोज दोन पाने लिहायला. संध्याकाळी सहा वाजले की घरात एकच गोंधळ. आई हात धरून गिरवून घेते, पोर रडते, पान फाटते, पुन्हा पहिल्यापासून. पुढे पुढे ती झोपेत दचकू लागली, सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय पुन्हा लागली. 'शाळा' शब्द काढला की पाठीमागे हात लपवायची. माझी मुलगी मला फोनवर रडत म्हणाली, "आई, हिला लिहायला येत नाही, हिच्यात काही कमी आहे का गं?"

कमी काहीच नव्हते. साडेतीन वर्षांच्या मुलाचे मनगट कसे असते हे कोणी पाहिलेच नव्हते. आपल्या मनगटात आठ लहान लहान हाडे असतात. जन्माच्या वेळी ती हाडे नसतातच. तेथे मऊ कूर्चा असते, आणि तिचे एकामागून एक हाड होत जाते. चार वर्षांच्या मुलाच्या मनगटात आठांपैकी निम्मी हाडेही धड तयार झालेली नसतात. सगळी तयार व्हायला साधारण दहा-बारा वर्षांचे वय उजाडावे लागते. शिवाय तीन बोटांत पेन्सिल धरून बारीक वळण काढायला बोटांचे बारीक स्नायू लागतात. ते दंडाच्या आणि मांडीच्या मोठ्या स्नायूंच्या मागून तयार होतात. म्हणून मूल आधी पळते, चढते, लोंबकळते आणि मग बारीक काम करू लागते. निसर्गाचा क्रमच तसा आहे. आपण तो उलटा करायला गेलो की मूल रडणारच.

आपले कोल्हापूर तालमींचे गाव. तालमीत नवे पोर आले तर वस्ताद त्याला पहिल्या दिवशी मोठ्या पैलवानाशी जोड लावून देतो काय? आधी त्याला तांबड्या मातीत लोळू देतो, माती उकरायला लावतो, थोरांच्या लढती पाहू देतो. जोर-बैठका पुढे येतात, डाव त्याच्याही पुढे. वस्तादाला जे कळते, ते आपण आयांना का कळू नये? आणि शेतातले पाहायचे तर आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा राहतो. शेजाऱ्याचा ऊस उंच दिसला म्हणून कोणी आपल्या उसाची कांडी ओढून लांब करीत नाही.

कोणी वाचणारी भगिनी मला येथे अडवील. म्हणेल, "मॉन्टेसरीबाईंच्या शाळेत तर चार-पाच वर्षांची मुले लिहू लागली होती, ते कसे?" खरे आहे, लागली होती. पण त्याच्या आधी काय झाले होते तेही पाहावे. त्या मुलांनी बारीक मुठीचे ठोकळे उचलून उचलून तीच तीन बोटे तयार केली होती. खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवून अक्षराची वाट बोटाला माहीत करून घेतली होती. मग एके दिवशी ज्याला लिहावेसे वाटले त्याने खडू उचलला. हात तयार झाला, मन तयार झाले, आणि अक्षर आले. कोणाच्या हातावर पट्टी मारावी लागली नाही.

ही तयारी करायला आपल्याकडे साधने काय कमी आहेत? पावट्याच्या शेंगा सोलणे, लसूण सोलणे, भाकरीच्या पिठाचा गोळा मळणे, फुलांची माळ ओवणे, ओला रुमाल पिळणे. आणि सर्वांत उत्तम म्हणजे रांगोळी. चिमटीत रांगोळी धरून रेघ ओढताना जी बोटे लागतात तीच पुढे पेन्सिल धरायला लागतात. आपल्या आज्या-पणज्यांनी पोरींच्या हाती रांगोळी दिली, तेव्हा त्यांनी मॉन्टेसरीचे नावही ऐकले नव्हते. हल्ली मात्र जेवताना पोराच्या हातात मोबाईल दिला जातो. काचेवरून बोट सरकविले की चित्र पळते. त्या बोटाला ना जोर लागत, ना वळण लागत.

आणि या कामासाठी आपल्याला फार दूर पाहावयास नको. आपल्या कोल्हापुरातच लीलाताई पाटील होऊन गेल्या. ना. सी. फडके यांची ही कन्या. शिक्षकांना शिकविण्यात त्यांची हयात गेली, आणि निवृत्त झाल्यावर घरी नातवंडांत रमायच्या वयात त्यांनी १९८५ साली येथे सृजन आनंद विद्यालय ही मराठी माध्यमाची प्राथमिक शाळा काढली. मुलांत चढाओढ लावायची नाही, शिक्षा करायची नाही, मुलाने स्वतः पाहून, करून, विचारून शिकायचे, हा त्यांचा आग्रह. आनंद आणि शिक्षण या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात हे त्यांनी आपल्याच गावात दाखवून दिले. २०२० साली जूनमध्ये त्या गेल्या. ज्या गावात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, त्या गावाला शिक्षणाची काळजी नवी नाही. पोर शाळेत गेलेच पाहिजे, हे महाराजांनी आपल्याला शिकविले. शाळेत गेल्यावर ते हसतमुख राहिले पाहिजे, हे लीलाताईंनी शिकविले.

आता आयांच्या मनातील भीतीविषयी बोलते, कारण अर्जामागे खरी तीच आहे.

पहिली भीती अशी की आपले मूल मागे पडेल, पहिलीत प्रवेशच मिळणार नाही. तर भगिनींनो, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत प्रवेश देताना मुलाची किंवा आईबापांची चाचणी घेण्यास बंदी केली आहे. अक्षरओळख करून देणे हे पहिलीच्या वर्गाचे काम आहे. ते काम आधीच करून आणा, असे कोणी सांगत असेल तर ते त्याच्या सोयीसाठी सांगतो. आणि २०२० साली जे नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले, त्यानेही तीन ते आठ वर्षे या वयाचा एक पाया धरला आहे. बालवाडीची तीन वर्षे आणि पहिली-दुसरी यांचा मिळून हा पाया, आणि तो खेळातून, कृतीतून घालावा असे त्या धोरणात म्हटले आहे. म्हणजे आपल्या ताई जे करतात त्याला आज सरकारचाही दुजोरा आहे.

दुसरी भीती इंग्रजीची. इंग्रजी यायला हवे, याबद्दल माझे दुमत नाही. मला स्वतःला बँकेतला कागद वाचताना किती अडते ते माझे मला माहीत. पण ज्या मुलाला मांजर म्हणजे काय, ते कसे अंग चोरते, कसे दबा धरते, हे आपल्या बोलीत भरभरून सांगता येते, त्याला दुसऱ्या भाषेतले मांजराचे नाव शिकायला कितीसा वेळ लागणार? आणि ज्याला कोणत्याच भाषेत सांगण्यासारखे काही नाही, त्याने 'कॅट' म्हटले तरी त्याच्या पदरात काय पडले? बालवाडीत आम्ही इंग्रजी गाणीही घेऊ, हरकत नाही. पण गोष्टी, कोडी, गप्पा या घरच्या भाषेतच होतील.

तिसरी भीती कोणी उघड बोलत नाही. ती म्हणजे, 'चार लोकांत विचारले तर सांगू काय?' पाहुणे आले की पोराला पुढे करून आकडे म्हणवून घेता येतात. पाणी ओतायला शिकला, हे पाहुण्यांना काय दाखविणार? भगिनींनो, येथे आपल्यालाच थोडे घट्ट व्हावे लागेल. पोर आपल्या मोठेपणासाठी जन्माला आलेले नाही.

एक गोष्ट मात्र मी अर्ज देणाऱ्या आयांच्या बाजूने बोलते. आपण बालवाडीत काय चालते ते त्यांना कधी नीट दाखविले नाही. दार लावून आत चाललेले चांगले कामही बाहेरच्याला दिसत नसेल, तर त्याने पैसे कशाचे भरावेत? तेव्हा मागणी नाकारून आपले काम संपत नाही. तिच्या जागी आपण काय देणार तेही सांगितले पाहिजे. म्हणून कार्यकारिणीपुढे मी चार सूचना ठेवते.

पहिली. प्रत्येक आईने महिन्यातून एकदा दोन तास बालवाडीत येऊन बसावे. ताईंना मदत होईल, आणि आपले मूल काय करते ते तिला डोळ्यांनी दिसेल. ज्या कामाला जातात त्यांच्या घरच्या आजीने, आत्याने यावे. बाप आले तर पाट मांडू.

दुसरी. परीक्षा आणि नंबर यांच्याऐवजी ताईंनी प्रत्येक मुलाची एक वही ठेवावी. मूल आज काय करू लागले, काय विचारले, कोणाशी मिसळले, हे तारीख घालून दोन ओळींत लिहावे. दर दोन महिन्यांनी ती वही आईला वाचून दाखवावी. 'पहिला नंबर आला' यापेक्षा 'आज स्वतः बटणे लावली, आणि रडणाऱ्या मुलीला आपला लाडू दिला' हे ऐकून कोणत्या आईला आनंद होणार नाही?

तिसरी. जी मुले जूनमध्ये पहिलीला जाणार, त्यांच्यासाठी दिवाळीनंतर रोज अर्धा तास हाताची तयारी घ्यावी. रांगोळी, माळा, माती, वाळूत बोटाने अक्षर, पाटीवर मोठ्या रेघा. ज्याला लिहावेसे वाटेल त्याला लिहू द्यावे, ज्याला वाटणार नाही त्याला हटकू नये. घरचा अभ्यास म्हणून एवढेच द्यावे, की आईने रात्री एक गोष्ट सांगावी आणि पोराची एक ऐकावी.

चौथी ताईंच्या पगाराची. मुले पुन्हा वाढेपर्यंत, एक वर्ष, दिवाळीच्या फराळाच्या विक्रीतून जो नफा राहतो त्यातील निम्मा बालवाडीला द्यावा. यंदा आपण त्यातून सभागृहासाठी नव्या खुर्च्या घेण्याचे ठरविले होते, हे मला आठवते. खुर्च्या पुढल्या वर्षी येतील. आपण सतरंजीवर बसू. मोठ्या माणसांची हाडे तयार झालेली आहेत!

एक वर्ष द्या, एवढेच मागते. वर्षभराने ज्या आयांनी अर्ज दिला आहे त्यांनाच या सभेत बोलवावे आणि मुलाच्या वह्या त्यांच्या हाती देऊन त्यांनाच विचारावे. त्या वेळी त्या 'नको' म्हणाल्या तर मी आडवी येणार नाही.

नळावर भेटलेल्या त्या बहिणीचा प्रश्न होता, नुसतेच खेळायचे तर बालवाडीत कशाला? माझे उत्तर असे की, खेळ हेच या वयाचे काम आहे, आणि ते काम नीट व्हावे, त्याकडे जाणत्या डोळ्यांनी कोणीतरी पाहावे, म्हणूनच बालवाडी. वही-पेन्सिल पुढे जन्मभर आहेच. ही तीन वर्षे मात्र एकदाच येतात.